उचल

२०१९च्या पाडव्याला तो आमच्या माडीवर राहायला आला, तेव्हा मी त्याला आधी एकच विचारलं: लग्नाच्या ऑर्डरी घेणार का? धारूरसारख्या गावात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? लगीनसराई तोंडावर आलेली, आणि माझ्याच डोक्यावर माझ्यापेक्षा चौपट महाग कॅमेरा घेऊन कुणी बसणार असेल तर खुलासा आधी झालेला बरा. तो हसला. "नाही काका, मी डॉक्युमेंटरी करतो," म्हणाला. पुण्याचा होता, तिशीतला. कुठल्याशा संस्थेनं त्याला फेलोशिप दिली होती. पाडवा ते पाडवा मराठवाड्यात राहायचं, दुष्काळ, पाणी, स्थलांतर, लोकांचं जगणं असं सगळं टिपायचं आणि वर्ष संपलं की मुंबईत प्रदर्शन भरवायचं. तीन महिन्यांचं भाडं त्यानं आगाऊ मोजलं. मी किल्ली दिली.

आमचा हा सगळा भाग बालाघाटाच्या डोंगरात आहे. सीताफळं नामी, जमीन हलकी, पाऊस लहरी. त्यामुळं दिवाळी झाली की गावंच्या गावं कुलपं लावून ऊस तोडायला निघतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात संपून जाते आणि मग हंगामभर तोडून फेडायची. फिटली तर फिटली, नाहीतर पुढच्या सालावर.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. जिल्हाभर चारा छावण्या लागल्या होत्या आणि घरातलं एखादं माणूस तरी जनावरांबरोबर तिथंच मुक्कामाला असायचं. छावणीत वैरण म्हणून यायचा तोही ऊसच. हिवाळ्यात परमुलखात जाऊन ज्याच्यावर कोयता चालवला, तोच उन्हाळ्यात ट्रकनं इकडं. माडीवरचा पोरगा सकाळी जुन्या मोटारसायकलवर निघायचा तो रात्री धुळीनं माखून परतायचा. मग माझ्या काउंटरवर लॅपटॉप उघडून दिवसभराचं काम दाखवायचा. काम चोख होतं, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. दोन म्हशींच्या मधे बाज टाकून झोपलेला एक म्हातारा, म्हशीची शेपटी त्याच्या तोंडावर आलेली, मागं टँकरपाशी हंड्यांची रांग. असला फोटो काढायला नशीब लागतं, आणि नशीब येईपर्यंत उन्हात बसायची तयारी लागते. ती त्याच्याकडं होती.

लोक त्याला विचारायचे, "फोटो देणार ना?" तो म्हणायचा, "देतो की." गावाकडं कॅमेरेवाला आला की पोरंसोरं आधी हेच विचारतात, आणि कॅमेरेवाला आधी हेच म्हणतो.

आता जरा आमच्या गिऱ्हाइकाबद्दल. माझ्याकडं फोटो काढायला येणाऱ्या माणसाचे नियम ठरलेले असतात. तोंड समोर पाहिजे. उभा फोटो असेल तर पाय कापायचे नाहीत, म्हातारी माणसं त्याला अपशकुन मानतात. दात दाखवायचे नाहीत. टोपी सरळ, पदर डोक्यावर, जमल्यास खिशाला पेन. मागं पडदा किंवा झाडी चालेल, पडकी भिंत चालायची नाही. त्याला नेमकी पडकी भिंतच हवी असायची. माझे फोटो तो कौतुकानं बघायचा, पण त्या कौतुकात थोडी दया होती, ती मला कळत होती. मी बोललो नाही. भाडेकरू वेळेवर पैसे देत होता.

त्याच महिन्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव आणखी एका गोष्टीसाठी देशभर गाजायला लागलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रिया. पाळीत दुखतंय म्हणून एक दिवस बसलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग ऐन तिशीत, काहीजणी त्याही आधी, गर्भाशय काढून मोकळ्या व्हायच्या. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. मग काय, रोज कुठल्या ना कुठल्या चॅनेलची गाडी घाट चढून यायची. बायका त्याच त्याच प्रश्नांना तीच तीच उत्तरं देऊन कंटाळल्या होत्या.

हाही गेला. डोंगराकडच्या एका तांड्यावर एक मावशी भेटली, तिचा फोटो त्यानं काढला. उंबऱ्यावर पाठमोरी बसलेली, एक हात कमरेवर, बाहेरचा उजेड फक्त मानेवर आणि त्या हातावर. बघणाऱ्याच्या पोटात कालवावं असा फोटो. प्रदर्शनात तोच पहिला लावायचा, असं त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढं काही दिवसांनी तीच मावशी बँकेच्या पासबुकासाठी पासपोर्ट फोटो काढायला माझ्याकडं आली. लाईट गेलेली, म्हणून हा खाली माझ्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावून बसला होता आणि पडद्यावर नेमका तोच फोटो. मावशीनं वाकून पाहिलं.

"ह्यो तर माझा उंबरा हाय."

"हो मावशी. तुम्हीच आहात त्यात."

"मी कुठंय? नुसती पाठ हाय."

त्यानं समजावलं. विषय नाजूक, गावात चर्चा नको, म्हणून मुद्दाम ओळख लपवली. हे त्यांच्या धंद्यातलं शिस्तीचं काम आहे, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नाही, असं मलाही वाटलं. मावशीला वाटलं नाही.

"माझं तोंड झाकायला मी काय चोरी केली? ज्यांनी केली त्येंचं दाखवा की उघडं." मग थोडं थांबून, "शेजारणीचं झाका. तिच्या पोरीची सोयरीक चाललीय. तिला इचारलंतं का, झाकू का म्हणून? न्हाई. मला इचारलंतं का, दावू का म्हणून? न्हाई. समदं तुमचं तुम्हीच ठरवलं."

तो गप्प. मी कात्रीनं तिचे फोटो कापत होतो, तेही थांबवलं.

"मुकादम आम्हाला उचल देतो तवा वहीत अंगठा घेतो," ती म्हणाली. "पैसा पैसा मांडून ठिवतो, मेलं तरी सोडत न्हाई. इथं तुम्ही उचल घिऊन चाललात आन् वहीच न्हाई!" माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं उधारीची वही हाय ना? लिहा ह्येंच्या नावावर. येक फोटो. तोंड समोर."

मी गमतीनं वही काढली. तारीख टाकली, त्याचं नाव घातलं, खाली लिहिलं: मावशी, तांडा, फोटो एक, समोरून. तो सही करायला लागला तर मावशीनं माझ्या शिक्क्याचं पॅड पुढं सरकवलं. "सही न्हाई. अंगठा." पुण्याच्या, इंग्रजी शिकलेल्या पोराचा निळा अंगठा आमच्या वहीत उमटला. मावशी पासपोर्टचे पैसे मोजून देऊन गेली. घासाघीससुद्धा केली नाही.

त्या रात्री तो माडीवरून खाली आला आणि शटरपाशी बसून त्यानं मला एका फोटोची हकीकत सांगितली. अमेरिकेतली. १९३६ साली डोरोथिया लँग नावाची बाई सरकारी नोकरीत होती, काम म्हणजे मंदीनं देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांचे फोटो काढायचे. कॅलिफोर्नियात निपोमो म्हणून गाव आहे, तिथं वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळावर तिला एक आई दिसली. पीक थंडीनं गेलेलं, हाताला काम नाही, अंगाखांद्यावर लेकरं. लँगबाईनं मोजकेच फोटो काढले आणि ती पुढं गेली. नाव विचारलं नाही. फोटो सॅन फ्रान्सिस्कोच्या पेपरात आले, सरकार हललं, तळावर अन्नाची मदत आली. तोवर ती बाई लेकरं घेऊन पुढच्या कामावर निघून गेली होती. तो फोटो पुढं जगभर गेला, शाळेच्या पुस्तकांत गेला, १९९८ साली पोस्टाच्या तिकिटावरही आला. फोटोतल्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे लोकांना कळलं १९७८ साली. ती म्हणाली होती की आपल्याला त्या फोटोतून एक छदामसुद्धा मिळाला नाही, काढलाच नसता तर बरं झालं असतं. आता खरं बघितलं तर लँगबाईलाही त्यावर वेगळे पैसे मिळाले नव्हते, कारण फोटो सरकारचा. पण ती १९६५ सालीच वारली होती, त्यामुळं दोघींचा हिशोब समोरासमोर कधी झालाच नाही.

"म्हणजे बेचाळीस वर्षं उधारी थकली," मी म्हणालो.

त्याला हे आवडलं की लागलं, सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं वही परत मागितली आणि आठवून आठवून स्वतःच नावं लिहिली. ज्यांना ज्यांना "देतो की" म्हटलं होतं ते सगळे. दीड पान भरलं.

मग ही बातमी तांड्यावरून खाली उतरायला कितीसा वेळ लागणार? आठवडी बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात ऊस बांधायच्या दोरीपासून कोंबडीपर्यंत काहीही हातात घेऊन लोक यायला लागले, नाव घालायला. छावणीतला तो म्हातारा म्हणाला, म्हशीसकट द्या, पण म्हशीचंही तोंड समोर. एका पोरीला तिच्या मेलेल्या शेळीचा फोटो हवा होता, तो त्याच्याकडं निघाला. एक जण म्हणाला, टँकरवर भांडताना माझा काढलाय, तो कुठं देऊ नका, भावकीत लाज जाते. हे येणं कोणत्या रकान्यात मांडायचं, मला समजेना. शेवटी लिहिलं: फोटो एक, न छापणे. तीही उधारीच म्हणायची.

आषाढी वारीसाठी पैठणहून निघालेली नाथांची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते, तिच्याबरोबर तो चालला. वारीचे फोटो जसे असतात तसे होते. एका दिंडीनं मात्र त्याला झाडाखाली अडवून वीणेकऱ्यासकट सगळ्यांचा ग्रुप फोटो काढायला लावला, आणि पहिल्यांदाच त्यानं कुरकुर न करता काढला.

ऑगस्टमध्ये इकडं आभाळ कोरडं आणि तिकडं कृष्णा, पंचगंगा गावांत शिरलेल्या. सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तो सांगलीला पळाला. पहिल्या काही दिवसांत त्यानं पाठवलेले फोटो आमच्या मोबाईलवर आले. होड्या, छपरावरची माणसं, दोरीला धरून चाललेल्या बायका. पुढं पाणी ओसरलं आणि एका रात्री उशिरा त्याचा फोन आला. मला वाटलं, काही बरंवाईट झालं.

"काका, अल्बम ओला झाला तर काय करायचं?"

"कुणाचा?"

"इथं सगळ्यांचाच."

चिखल उपसताना एका घरातल्या आजीनं त्याच्या हातात लग्नाचा अल्बम ठेवला होता. तिनं घरातली भांडीकुंडी, गाद्या, टीव्ही बाहेर फेकलेलं त्यानं पाहिलं होतं, तेव्हा ती रडली नव्हती. अल्बम देताना म्हणाली, ह्याचं काही होतंय का बघा, तुम्ही फोटोवाले ना?

आता हा विषय माझा. मी त्याला म्हटलं, आधी सांग, वाळलाय का? ओला असेल तर वाळू देऊ नकोस. लोक नेमकी हीच चूक करतात, उन्हात ठेवतात आणि पानं एकमेकांना अशी चिकटतात की मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाहीत. जुना, रसायनात धुतलेला फोटो असेल तर त्याला पाण्याची भीती नाही, त्याचा जन्मच पाण्यात झालेला असतो. वरचा थर ओला झाला की फुगतो आणि मऊ पडतो, तेवढाच धोका. घमेल्यात स्वच्छ, गार पाणी घे, अख्खं पान त्यात बुडव, थांब, घाई करू नकोस. कडेनं पाणी आत जाऊ दे. फोटो आपोआप सुटायला लागला की दोन बोटांनी कोपरा धर, तोंडाला बोट लावू नकोस. दुसऱ्या घमेल्यात गाळ धुऊन काढ. मग सावलीत चादर अंथरून तोंड वर करून ठेव, नाहीतर दोरीला चिमटा लावून टांग. फॅन लावू नकोस. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट भिजव. आणि हल्लीचे प्रिंटरवर मारलेले फोटो आले तर सरळ सांग, बाई, हे गेले. त्यांची शाई पाण्यात टिकत नाही. खोटी आशा लावू नकोस.

त्यानं सगळं लिहून घेतलं. एक अल्बम सुटला हे कळल्यावर गल्लीतून दुसरे आले, मग शेजारच्या गल्लीतून. शाळेच्या व्हरांड्यात त्यानं दोऱ्या बांधल्या. बारशाचे, मुंजीचे, मळ्यातल्या विहिरीचे, कुणाच्या तरी गेलेल्या भावाचे फोटो कॉलेजच्या पोरांनी वाळत घातले. कडा गेलेल्या, एखाद्याचा अर्धा चेहरा विरघळलेला, पण लोक तेवढंही नेत होते. एकानं फक्त आईचा हात शिल्लक राहिलेला तुकडा नेला.

त्या दिवसांत त्यानं स्वतःचा कॅमेरा जवळजवळ उघडलाच नाही. फेलोशिपवाल्यांना याची कुणकुण लागली. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या की समाजकार्य फार छान, पण तुझ्याकडून आम्हाला पुराचे फोटो अपेक्षित होते. बाईंचं चूक नव्हतं. त्यांनी पैसे फोटोसाठी दिले होते. हा मात्र त्यांना काहीच समजावू शकला नाही, आणि मला तेव्हा त्याचा थोडा रागच आला, कारण पुढचं भाडं त्याच पैशातून यायचं होतं.

परतीच्या पावसानं आमच्याकडं उशिरा येऊन होतं तेही पीक नासवलं. मुकादमांच्या वह्या भरल्या. टोळ्या निघाल्या तेव्हा तो मावशीच्या टोळीबरोबर ट्रकमध्ये बसून गेला. साताऱ्याच्या पुढं कुठंतरी उसाचा फड होता.

तिथले फोटो मी पाहिलेत. पहाटेच्या अंधारात बायका कोपीपुढं चुलीशी, कोप म्हणजे बांबू आणि चटयांचं खोपट, आत वाकूनच शिरायचं. उजाडायच्या आत फडात. बुडाशी एक घाव, शेंड्याला एक घाव, पाचट झाडायचं, ऊस मागं टाकायचा. बाई मोळी बांधते. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून मीठमिरची सुटते. गाडी कधीही येते, मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरायची. डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं. त्याचा एक फोटो असा होता की फळी तिरपी, वर ट्रकचा दिवा, मधे एक उंच पोरगा, आणि मोळीची सावली त्याच्या तोंडावर पूर्ण पडलेली. माणूस आणि ऊस एकच वाटावेत असा. मोबाईलवर मला पाठवून त्यानं खाली लिहिलं होतं, काका, वर्ष वसूल.

तो पोरगा मावशीचा पुतण्या. लग्नाला दोन वर्षं झालेली. डिसेंबरात एका रात्री दहिवरानं फळी निसरडी झाली आणि तो मोळीसकट मानेवर पडला.

दहाव्यासाठी फोटो करायला बाप माझ्याकडं आला. हातात आधार कार्ड. आधारवरचा फोटो मोठा केला की भला माणूस पोलीस ठाण्यातल्या भिंतीवरचा वाटतो, हे आम्हा स्टुडिओवाल्यांना ठाऊक आहे. मी आमच्या फोटोवाल्या पोराला फोन लावला. म्हटलं, तुझ्याकडं त्याचे भरपूर असतील, एक सरळ चेहरा पाठव. तो रात्रभर शोधत बसला. पाठ होती, हात होते, कोयता धरलेली मूठ होती, घामानं चिकटलेला सदरा होता, शेकोटीच्या धुरातली आकृती होती. समोरून बघणारा तो पोरगा कुठंच नव्हता. सकाळी त्यानं एवढंच सांगितलं, "आधारवरूनच करा काका." मी केला. मागचा पांढरा रंग काढून निळा टाकला, सदऱ्याला कॉलर लावली, डोळ्यांखालचं थोडं उजळलं. बापानं फ्रेम पुसून पुसून पाहिली आणि विचारलं, "ह्यो जरा त्येच्यावानी दिसत न्हाई, न्हाई का?" मी म्हटलं, कार्डावर तसाच आहे.

त्या फळीवरच्या फोटोचा उपयोग झाला तो वेगळ्याच ठिकाणी. कारखाना म्हणत होता की तो आमचा माणूस नाही, मुकादमाचा आहे. मुकादम म्हणत होता की मी फक्त बापाला उचल दिली, पोरगा स्वखुशीनं आला असेल. त्या फोटोत ट्रकचा नंबर होता, कॅमेऱ्यात तारीख आणि वेळ होती. चार माणसं बसली, फोटो पुढं ठेवला, आणि पोराच्या वाट्याची जी उचल बापाच्या नावावर फिरवली होती ती मुकादमानं सोडली. भरपाई म्हणाल तर तेवढीच.

जानेवारीत तो पुन्हा फडावर गेला. या वेळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला एक धुतलेली चादर बांधली आणि टोळीतल्या एकेका कोयत्याला तिच्यापुढं उभं केलं. तोंड समोर, पाय कापायचे नाहीत, हसायचं नाही. बायकांनी ट्रंकेतली लुगडी काढली. एकानं दुसऱ्याचा सदरा उसना घेतला, तो सदरा मग सहा जणांच्या अंगावर दिसतो. सगळं कसं अगदी माझ्या स्टुडिओतल्यासारखं. फेलोशिपच्या बाईंना हे फोटो सपाट वाटले. मला विचाराल तर त्यात उजेड जरा चपटाच होता, दुपारी बारा वाजता काढल्यावर दुसरं काय होणार.

पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला, थोडेच दिवस उरले आणि करोना आला. २०२०चा पाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशी देश बंद झाला. फेलोशिपचं वर्ष त्या दिवशी संपलं, प्रदर्शन रद्द झालं. तो आमच्या माडीवर अडकला, टोळी तिकडं कारखान्याच्या आवारात अडकली. भाडं मी निम्मं घेतलं. सगळं सोडलं असं खोटं कशाला सांगू? शटर आतून लावून आम्ही दोघं प्रिंट मारत बसायचो. माझ्याकडचा कागद संपेपर्यंत मारल्या. फोरबाय सिक्स सगळ्यांना, आणि कोयत्याच्या प्रत्येक जोडीला एक मोठी, लॅमिनेशनसकट. लॅमिनेशन त्याला पसंत नव्हतं, चमक येते म्हणाला. मी म्हटलं, कोपीत राहणाऱ्या फोटोला चमक महत्त्वाची की पाणी न लागणं? तो गप्प बसला. सांगली पाहिलेली होती.

एप्रिलच्या मध्यानंतर सरकारनं ऊसतोड मजुरांना घरी परतायची परवानगी दिली. टोळी आली, पण गावात घेईनात. माळावर झाडाखाली पाली ठोकून राहिले. आशाताई रोज ताप मोजायला जायच्या, त्यांच्याच पिशवीतून फोटो गेले. आम्ही बांधाच्या अलीकडं उभे. मावशीनं आपला फोटो हातात धरून बराच वेळ निरखला. चादरीपुढचा, जोडीचा, तोंड समोर.

"कुंकू पुसट आलंय," ती तिकडून ओरडली. "भाऊंनी काढला असता तर बरा आला असता."

मी वही नेलीच होती. बांधावर बसून एकेक नाव वाचलं आणि पोचल्याची खूण केली. सांगलीच्या काही जणांचे पत्ते सापडले नाहीत, ते तसेच राहिले. टँकरवर भांडणाऱ्याचा 'न छापणे' मात्र फिटला असं कधी म्हणायचं, हा पेच मला अजून सुटलेला नाही. आज छापला नाही, ठीक. उद्याचं काय? ते नाव मी मोकळंच ठेवलंय.

प्रदर्शन पुढच्या वर्षी झालं, बरंच लहान. त्याआधी त्यानं प्रत्येकाला फोन लावून विचारलं, कोणता लावू, कोणता नको. यात त्याचे चांगले चांगले फोटो गळाले. म्हशींमधला म्हातारासुद्धा नको म्हणाला, झोपलेला माणूस काय दाखवायचा. फळीवरच्या फोटोला पोराच्या बापानं हो म्हटलं, एका अटीवर. त्याच्या खाली लिहायचं की हा मेला, आणि कारखान्याच्या वहीत त्याचं नाव नव्हतं.

मावशीचा निरोप माझ्याच फोनवरून गेला. दोन्ही लावा म्हणाली, पाठीचा आणि तोंडाचा, शेजारी शेजारी. आणि खाली नाव घाला. नुसतं मावशी नको; पूर्ण नाव, नवऱ्याचं आणि आडनाव धरून. त्यानं छापायच्या आधी कागद मला पाठवला. मी तो तिला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला, एक वेलांटी चुकली होती ती तिनं नुसत्या ऐकण्यावर पकडली. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते लिहायची परवानगी तिनं त्याला दिली होती, मला नाही.